पालखीतला खंड्या आणि आमची हरणी

शाहू महाराजांच्या कुत्र्याला पालखी होती, ही हकीकत मी इतिहासाच्या वर्गात एकतीस वर्षे सांगत आलो. ग्रँट डफच्या बखरीत ती आहे. शिकारीत वाघाची गाठ पडली असता एका कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद करून दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा तर भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे व जवाहीर लेववून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. पालखीचा सरंजामही पुढे चालू राहिला. मुले हसत, मीही हसे, आणि तासाची घंटा होई. ग्रँट डफ साहेबाने ही गोष्ट महाराजांचे चित्त ठिकाणावर नसल्याच्या काळातली म्हणून नोंदली आहे, आणि आम्ही मास्तर मंडळींनी ती तशीच पुढे चालवली. तिच्याकडे पुन्हा वळून पाहावे असे मला वाटले नाही. ते वाटायला लावले आमच्या हरणीने.

हरणी ही काही जातिवंत कुत्री नव्हे. पिंगट रंगाची, सडपातळ, चारचौघींसारखी गावठी कुत्री. पावसाळ्यात एका मोरीच्या नळात ती तीन दिवस अडकून बसली होती. काही तरुण मुलांनी तिला बाहेर काढून एका प्राणिसंस्थेच्या निवाऱ्यात ठेवले. मी तेथे रद्दी पोचवायला जात असे. पिल्लांखाली अंथरायला त्यांना जुनी वर्तमानपत्रे लागतात. येणारे लोक उड्या मारणारी कुत्री पसंत करून नेत. ही कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली असे. चार महिने तिला कोणी नेले नाही. पाचव्या महिन्यात मी नेली. 'नेली' म्हणणे धाडसाचे आहे. दोघांनी उचलून ती आमच्या खाटेखाली ठेवली, आणि पुढचे अकरा दिवस तिने खाटेखालचा मुलूख सोडला नाही.

तिला बाहेर फिरवायला लागलो, तेव्हा पहिली गोष्ट सुटली ती माझी काठी. काठी हातात घेतली की हरणी जागच्या जागी लघवी करी. काठी माळ्यावर गेली. मग छत्री गेली. झाडूवाल्या बाईंच्या वेळा पाठ कराव्या लागल्या. सकाळी साडेचारला, रस्ता अगदी रिकामा असताना, आम्ही निघत असू. ती भिंतीला अंग घासत चाले आणि मी तिच्या बाहेरच्या अंगाने. एके दिवशी वहाणेचा अंगठा सुटला म्हणून मी खाली वाकलो. त्याबरोबर ती पट्ट्याच्या टोकापर्यंत मागे फेकली गेली. मला क्षणभर उमजेना. मग लक्षात आले की आपल्याकडे रस्त्यात खाली वाकलेला माणूस म्हणजे दगड उचलणारा माणूस. गावोगावच्या कुत्र्यांना हे ठाऊक असते. दगड हातात नसला तरी नुसते वाकण्याचे सोंग केले की कुत्रे पळते, ही युक्ती आपण सर्वांनी लहानपणी वापरलेली आहे, मीही. आपल्या समाजाच्या वागणुकीचा असा बिनलेखी दाखला मला कोणत्याही दप्तरात मिळाला नव्हता.

पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाची एक हकीकत या संदर्भात आठवते. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला आणि त्याच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचली. पूर ओसरल्यावर असे दिसले की काही कुत्र्यांचे शिकवलेले सारे पुसून गेले आहे, आणि मुळात जी भित्री ती सर्वांत अधिक ढासळली आहेत. पुढे त्यांतल्या एकाच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती ओहोळ सोडली, एवढ्यानेच ते पुन्हा पहिल्यासारखे भेदरले. प्रयोग मला क्रूर वाटतो. निष्कर्ष मात्र मी रोज पहाटे पाहत होतो. हरणीच्या दाराखालची ओहोळ म्हणजे जाळीच्या दाराचा खडखडाट. टेम्पोचे मागचे फळकूट वाजले, दुकानाची लोखंडी जाळी सरकली, की ती थरथर कापू लागे.

तो खडखडाट कोठला, याचा पुरावा तिच्या कानावर होता. तिच्या उजव्या कानाला कातर आहे. नसबंदी करून सोडलेल्या कुत्र्याची ती खूण. २००१ साली केंद्र सरकारने नियम केले की भटक्या कुत्र्यांना मारावयाचे नाही. त्यांना पकडून, शस्त्रक्रिया करून, पिसाळीची लस टोचून जेथून आणले तेथेच सोडावयाचे. २०२३ च्या नव्या नियमांतही हेच धोरण राहिले. धोरण दयेचे आहे यात शंका नाही. पण दयासुद्धा जाळे घेऊन, जाळीच्या दाराच्या गाडीतून येते. नियम बदलल्याचे हरणीला कोणी सांगितले नव्हते. आणि सांगितले असते तरी तिची आजी-पणजी ज्या गाडीतून गेली, ती परत आली नव्हती.

ही गाडी आपल्याकडे जुनी आहे. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा प्रघात मुंबईत कंपनी सरकारच्या वेळेपासूनचा. १८३२ साली ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली आणि कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठरले. आठ आणे मिळणार म्हटल्यावर मोकाट कोणते आणि पाळलेले कोणते हा विवेक उरत नाही. शिपाई घरादारांतली कुत्री ओढून नेऊ लागले. ६ जून हा दिवस पारशांच्या सणाचा होता. त्या दिवशी कोटात पारशांच्या जमावाने शिपायांना गाठून चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही त्यात सामील झाले आणि कुलाब्याच्या पलटणीकडे जाणारी रसद रस्त्यातच अडवली गेली. शेवटी सैन्य आणून जमाव पांगवावा लागला आणि पुष्कळांची धरपकड झाली. मुंबईतली एवढी मोठी हरताळ, आणि निमित्त काय, तर कुत्री!

पारशांचा राग समजण्यासारखा आहे. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. वेंदिदादात त्याच्यावर एक अख्खे प्रकरण आहे, आणि माणूस गेल्यावर प्रेताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' नावाचा विधी आहे. त्यासाठी चार डोळ्यांचा कुत्रा उत्तम समजत, म्हणजे दोन्ही डोळ्यांवर एकेक ठिपका असलेला. आपल्या ऋग्वेदातले यमाचे दोन कुत्रेही चार डोळ्यांचेच. आमच्या हरणीला असे दोन ठिपके आहेत. तिला मात्र आपल्या या प्राचीन कुलशीलाचा काडीचाही उपयोग झालेला नाही.

तरी सरकारी बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. पाश्चरने पिसाळीवरची लस पहिल्यांदा माणसाला टोचली ती १८८५ साली. १८३२ मध्ये पिसाळलेले कुत्रे चावले तर माणसाला वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नसे. भीती दोन्हीकडे होती, आणि दोन्हीकडे खरी होती. दंग्यानंतर जमशेटजी जीजीभाई आदी शेटमंडळींनी अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरला. पुढे १८३४ साली जमशेटजी व अमीचंद शेट यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ निघाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाचा आधी एक कडक आदेश निघाला आणि अकरा दिवसांनी तो सौम्य करण्यात आला; त्या सुमारास वर्तमानपत्रांतली दोन्ही बाजूंची पत्रे वाचताना मला आपण जुनीच फाईल चाळीत आहोत असे वाटत होते.

असो. एकदा हरणी पट्ट्यातून निसटली. मी हातात भाकरीचा तुकडा घेऊन तिच्यामागे धावलो. मी जसजसा धावे तसतशी ती अधिक धावे. तेव्हा मला नामदेवांची गोष्ट आठवली. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव, कोरडी कशी खाशील म्हणून, तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या गोष्टीत आपण नेहमी नामदेवांबरोबर धावतो. त्या कुत्र्याच्या बाजूने ती कोणी सांगत नाही. भाकरी उचलली आणि मागून माणूस आरडत येतो आहे; त्याच्या हातात तूप आहे की दगड, हे मागे वळून बघायला सवड कोणाला? तेथे कुत्र्याच्या रूपात साक्षात पांडुरंग होता म्हणून गोष्ट गोड झाली. हरणी पांडुरंग नव्हती. शेवटी दम लागून मी एका पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसलो, आणि भाकरी शेजारी ठेवली. अर्ध्या तासाने पाठीला ओलसर नाक लागले. त्या दिवसानंतर मी तिच्यामागे कधीही धावलो नाही.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तेथेच त्या पालखीवाल्या कुत्र्याचीही. लोक त्याचे नाव खंड्या सांगतात. तेथे हरणीला न्यावे असे माझ्या मनाने घेतले. सौभाग्यवती म्हणाल्या, "समाधी बघायची हौस तुम्हाला, तिला कशाला छळता?" प्रश्न बिनतोड होता. पण तिला मागे ठेवून गेलो तर ती जेवत नसे, हेही खरे. प्रथम आगगाडीचा विचार केला. गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी जाळीच्या दाराची पेटी असते. स्टेशनावर ते दार हरणीने पाहिले, त्याची कडी वाजलेली ऐकली, आणि आमचा प्रवास फलाटावरच संपला. मग ओळखीच्या एका गृहस्थांची मोटार ठरवली. ती पंधरा दिवस जागची हलली नाही. रोज संध्याकाळी मी, हरणी आणि ते सज्जन गृहस्थ असे तिघे बंद मोटारीत बसून भाकरी खात असू. सोळाव्या दिवशी यंत्र सुरू केले. विसाव्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. महिन्याने साताऱ्याचा रस्ता धरला. शंभर-सव्वाशे किलोमीटरांना आम्हाला सहा तास लागले. शिरवळला आणि खंबाटकीच्या अलीकडे ती ओकली, आणि उरलेला वेळ माझ्या धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून होती.

त्या सहा तासांत मी पालखीचा विचार करीत होतो. खंड्याला पालखी आवडली असेल का? वाघावर जाणारे कुत्रे ते, भित्रे खासच नव्हे. तरीही भोयांच्या खांद्यावर हिंदकळणारी ती मखमली पेटी, आणि दरबारात डोळ्यांवर येणारी पगडी! त्याला कोणी विचारले नव्हते. मी तरी हरणीला कोठे विचारले होते?

आणि महाराज? हे मी वर्गात कधी जोडून सांगितले नाही, याची आता खंत वाटते. शाहू महाराजांचा जन्म १६८२ चा. १६८९ साली रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. आईबरोबर ते औरंगजेबाच्या छावणीत गेले आणि १७०७ साली बादशहा मेल्यावर सुटले, तेव्हा पंचविशीला आलेले. ती छावणी एका जागी नसे. आज येथे, उद्या तेथे; गुलालबारीत, बादशहाच्या नजरेखाली, हा मुलगा तंबू पडताना आणि उभे राहताना पाहत मोठा झाला. बापाचा वध त्याच छावणीत झालेला. बादशहाच्या मुलीने, झीनतुन्निसाने, माया लावली हेही खरे. पण मायासुद्धा पहाऱ्यातलीच. सुटले ते एकटे. येसूबाई आणखी बारा वर्षे, १७१९ पर्यंत, ओलीस राहिल्या. असा माणूस गादीवर स्थिर झाल्यावर पुढे फारसा साताऱ्याबाहेर पडत नाही, शिकार, बागा आणि कुत्री यांत रमतो, आणि आपल्यासाठी वाघासमोर उभ्या राहिलेल्या मुक्या जनावराला आपली पगडी देतो. याला कोणी वेड म्हणो. मी आता म्हणणार नाही. माझ्यापाशी कागद नाही. तर्क आहे, आणि पायाशी एक थरथरणारी कुत्री आहे. संशोधक मंडळात हा पुरावा चालणार नाही, हे मला ठाऊक आहे.

दगडात कोरली जातात ती शूर कुत्री. रायगडावरच्या वाघ्याचे स्मारक १९३६ सालचे. त्याच्याविषयी समकालीन कागद नाही आणि त्यावरून झालेला वाद ताजा आहे, त्यात मी शिरत नाही. पण कागदाचा आधार असो वा नसो, लोकांना उडी घेणारे कुत्रे हवे असते. धर्मराजाच्या मागे हिमालय चढणारे हवे असते. मोरीच्या नळात तीन दिवस गप्प बसलेल्या कुत्रीची कोणी समाधी बांधत नाही.

माहुलीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. घाटावर दोनचार माणसे होती. विश्वेश्वराच्या देवळावरून आम्ही पाण्याकडे उतरलो. कृष्णा-वेण्णेचे पात्र उथळ होते आणि समोरच्या काठावर कोणी धुणे आपटीत होते. त्या आवाजाला ती प्रत्येक वेळी थबके, मग पुन्हा पाऊल टाके. खंड्याच्या समाधीपाशी मी थांबलो. बखरीतल्या त्या ओळी मनाशी म्हणून पाहिल्या. हसू आले नाही. हरणीने दगड हुंगला, काही विशेष न वाटून ती पलीकडे गेली आणि गवतात बसली.

परतताना वरच्या रस्त्यावर एक टेम्पो खड्ड्यात आदळला. मागचे फळकूट दाणकन वाजले. मी पट्टा घट्ट धरला, ती आता ओढ घेणार म्हणून. ओढ बसली नाही. खाली पाहिले, तर ती माझ्या दोन पायांच्या मध्ये उभी होती. कापत होती, कान पडलेले, शेपूट पोटाखाली, पण उभी होती. वहाणेचा अंगठा पुन्हा सुटला होता. मी न वाकता, तसाच पाय ओढीत, तिच्याबरोबर मोटारीपर्यंत चालत गेलो.