राखण आणि आत्मरक्षण : जत प्रांताच्या इतिहासांतील एक धडा

इतिहास वाचणारास राजांच्या स्वाऱ्या व किल्ल्यांचे वेढे पानोपानीं भेटतात. परंतु अपरात्रीं दार वाजलें असतां सामान्य कुणब्यानें काय केलें, बाजाराहून पैसे घेऊन परतणाऱ्या वाण्यानें आडवाटेस आपला जीव कसा राखला, हें मात्र फारसें कोठें लिहिलेलें आढळत नाहीं. वस्तुतः ज्यास आपण राज्य म्हणतों त्याची खरी कसोटी याच ठिकाणीं लागते. म्हणून एका लहानशा मुलखाचा, म्हणजे जत प्रांताचा, या दृष्टीनें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचा उद्देश केवळ जुन्या गोष्टी उकरून काढण्याचा नाहीं. मुलामुलींस आत्मरक्षणाचें शिक्षण द्यावें, अशी हांक आज सर्वत्र ऐकूं येते. तें शिक्षण कोणतें असावें, या प्रश्नास जतेच्या इतिहासांत बरेंचसें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें.

जतकर डफळे हे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटिलकीवरून त्यांस डफळे हें नांव पडलें. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सटवाजीराव डफळे यांस विजापूर दरबाराकडून देशमुखी मिळाली आणि पुढें १६८६ सालीं ती पातशाहीच बुडाली. १८२० सालीं इंग्रजांनीं सातारच्या जहागिरदारांशीं जे करार केले, त्यांत जतकरांचा करार होता. सातारचें राज्य खालसा झाल्यावर जत इंग्रजांचें मांडलिक बनलें आणि ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें. पुढें बनलेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० पासून सांगली या नांवानें ओळखला जातो.

या मुलखाचें स्वरूप समजण्यास दोन आंकडे पुरेसे आहेत. डफळापूर धरून संस्थानाचें क्षेत्र सुमारें ९८० चौरस मैल, आणि १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणें वस्ती ६८,६६५. म्हणजे चौरस मैलास अवघीं सत्तर माणसें! त्यांतही मागील दहा वर्षांत वस्ती शेंकडा चौदा इतकी घटली होती. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनीं केलेला हा संहार होय. पाऊस बेताचा, रानें उघडीं, एका गांवाचा दिवा दुसऱ्या गांवास दिसूं नये इतकें अंतर, आणि पूर्वेकडे विजापूरची व उत्तरेकडे मंगळवेढ्याची सरहद्द जवळच. अशा मुलखांत गुन्हा करून सरहद्दीपलीकडे जाणें सोपें, आणि राजसत्तेचा हात तेथवर पोंहोंचणें कठीण. रक्षण करावयाचें तर तें गांवानेंच करावयाचें, ही गोष्ट या भूमीनेंच ठरवून दिली होती.

तें गांव कसें करीत असे? पाटील हा जबाबदार धनी. त्याच्या हाताखालीं महार व जागले, आणि ठिकठिकाणीं रामोशी किंवा बेरड राखणदार. एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं पेशव्यांच्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यांत या व्यवस्थेचें वर्णन आलें आहे. गांवांत येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यावर लक्ष ठेवणें, रात्रीं गस्त घालणें आणि चोरी झाल्यास पावलांचा माग काढणें, हें राखणदाराचें काम. माग शिवेपर्यंत नेऊन पोंहोंचविला, कीं तो पुढील गांवाच्या राखणदाराच्या हवालीं करावयाचा. ज्या गांवांत माग थांबेल, त्या गांवानें चोर द्यावा किंवा नुकसानीची भरपाई करावी. येथें वाचकांनीं एक मर्म ध्यानांत घ्यावें. या व्यवस्थेंत हत्यार शेवटीं येतें. आधीं डोळा, मग पाऊल, मग शेजारच्या गांवाशीं बोलणें, आणि अगदींच प्रसंग आला तर काठी. शिवाय माग हा पुरावा असे. पावलें जिकडे नेतील तिकडे जावयाचें. मनांतील संशय जिकडे नेईल तिकडे नव्हे.

या व्यवस्थेचें आंधळें कौतुक करण्याची आमची इच्छा नाहीं. राखणेचा हक्क देणें म्हणजे पुष्कळदां उपद्रव न करण्याबद्दल दिलेला पैसाच असे. ज्याची राखण थकली तोच रानांत शिरून बंडखोर होई. १८३२ सालीं पुण्यास फांशी गेलेल्या उमाजी नाईकाच्या बंडाच्या मुळाशीं रामोशांचे बुडालेले हक्क होतेच. परंतु इंग्रजांनीं यावर जो उपाय केला, तो रोगाहून भयंकर ठरला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९११ सालीं तो कायदा व्यापक झाल्यावर सोलापूर-विजापूरकडे तारांच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. १९५२ सालीं तो कायदा देशभर रद्द झाला. मनांतील कुंपण मात्र अद्याप पुरतें उपटलें गेलें नाहीं. मागाच्या जागीं जात आली, आणि पुराव्याच्या जागीं संशय आला. पुढें सांगावयाच्या दुःखद प्रकरणाचें बीज आम्हांस येथें दिसतें.

शस्त्रांचीही तीच कथा. १८५७ सालीं शस्त्रें काढून घेण्याचा कायदा निघाला, तेव्हां जतेच्या दक्षिणेस मुधोळ संस्थानांतील हलगलीच्या बेरडांनीं हत्यारें देण्याचें साफ नाकारलें. नोव्हेंबरांत फौज चालून आली, गांव जाळलें गेलें, पुष्कळ माणसें पडलीं व कित्येक फांशी गेलीं. त्या लोकांच्या लेखीं हत्यार हें पोटाचें साधन होतें आणि अब्रूचेंही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें ब्रिटिश मुलखांतील निःशस्त्रीकरण पुरें केलें. गंमत अशी कीं, मेकॉले यानें १८३७ सालीं दंडसंहितेचा मसुदा करितांना आत्मरक्षणाचा हक्क सढळ हातानें दिला होता. येथील लोक अन्याय मुकाट्यानें सोसतात, तेव्हां त्यांस आवरण्यापेक्षां त्यांच्यांत मर्दानी बाणा जागवावा, असें त्याच्या मंडळाचें म्हणणें होतें. एका हातानें हक्क दिला, दुसऱ्या हातानें हत्यार काढून घेतलें!

हत्यार गेलें तरी तालीम राहिली. लाठी, बोथाटी, फरीगदगा, दांडपट्टा या विद्या आखाड्यांच्या आश्रयानें टिकल्या. बडोद्यास प्रो. माणिकरावांनीं जुम्मादादा व्यायाममंदिरांत, अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळांत, आणि आमच्याच भागांत औंधच्या श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्काराच्या द्वारें व्यायामास नवें जीवन दिलें. बडोद्याच्या मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश १९३६ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. जुन्या विद्यांत बिनोट व बंदेश या दोन विद्या आहेत. शस्त्रधारी मनुष्यास साध्या साधनानें किंवा नुसत्या हातानें निरुपद्रवी कसें करावें, हें त्यांचें प्रयोजन. आज ज्यास प्रसंगोपयोगी आत्मरक्षण म्हणतात तें याहून निराळें काय आहे? परंतु खेद असा कीं, याच विद्या मागें पडल्या. पट्टा मिरवणुकींत आला, लाठी कवायतींत गेली आणि कुस्ती हौद्यांत राहिली. कुस्तीची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. पण हौद्यांतील गडी एकटा असतो, त्याचे हात रिकामे असतात, पंच समोर उभा असतो आणि वेळ आधीं ठरलेली असते. बाजाराच्या गर्दींत गळ्यांतील पोत ओढणारा यांपैकीं एकही नियम पाळीत नाहीं.

हा भेद परदेशांतही फार उशिरां ओळखला गेला. लंडनमध्यें मताधिकारासाठीं झगडणाऱ्या स्त्रियांस एडिथ गॅरुड या बाईंनीं जपानी जुजुत्सु शिकविलें; अंगानें लहान अशा स्त्रीनें धटिंगणाच्या हातून कसें निसटावें, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. रवींद्रनाथांनीं १९२९ सालीं जपानचे ताकागाकी यांस शांतिनिकेतनांत बोलाविलें, आणि तेथें मुलींसही ती विद्या मिळाली. शांघाय शहरच्या पोलिसांतील फेअरबर्न याची गोष्ट तर फारच बोधप्रद आहे. १९०७ सालीं तो त्या नोकरींत शिरला. गस्त घालीत असतां गुंडांनीं त्यास मरणाचा मार दिला. आणि बरा झाल्यावर त्यानें जुजुत्सुचा अभ्यास आरंभिला. पुढें स्वतःच्या पद्धतीचें पुस्तक त्यानें १९२६ सालीं छापिलें. शेंकडों डाव पाठ करण्यापेक्षां थोडे, साधे, भीतीनें हात कांपत असतांही साधतील असेच डाव घोटावे, हें त्याच्या शिकवणीचें सार. गल्लींतील मारामारी क्षणांत संपते. त्या क्षणांत आठवणीस वेळ नसतो.

आतां आजच्या जतेकडे वळूं. पूर्वी भीतीमुळें लोक गांवकुसाच्या आंत दाटीनें राहत. पुढें स्थैर्य आलें, विहिरी झाल्या, आणि कुटुंबें आपापल्या रानांत वस्ती करून राहूं लागलीं. आज तालुक्यांत जिकडेतिकडे अशा वस्त्या दिसतात. त्यांतच दसरा-दिवाळीच्या सुमारास कित्येक घरचीं धडधाकट माणसें ऊंस तोडावयास कारखान्यांकडे जातात. मागें म्हातारीं व लहान मुलें उरतात. गांवकूस नाहीं, जागल्या नाहीं, शेजार हांकेच्या पलीकडे. अशा वस्तीवरील म्हातारीस लाठीचे बारा हात शिकवून काय उपयोग? तिला उपयोगी पडेल तें असें: दार उघडण्यापूर्वीं नांव विचारणें, ओसरीवर दिवा ठेवणें, शेजारच्या दोन वस्त्यांशीं हांकेचा किंवा दूरध्वनीचा संकेत ठरविणें, आणि दागिना मागितला तर दागिना देऊन जीव राखणें. शाळेकरितां दोन-तीन कोस चालणाऱ्या मुलीस उपयोगी पडेल तें असें: सोबत करून जाणें, पाठीमागें कोण येतो हें पाहणें, लाज न धरतां मोठ्यानें ओरडणें, मनगट सोडविण्याचा एखादा डाव अंगवळणीं पाडणें, आणि सुटतांच उभें न राहतां माणसांच्या दिशेनें पळणें. समग्र शिक्षा योजनेखालीं सहावी ते बारावीच्या मुलींस तीन महिने आत्मरक्षणाचे पाठ देण्याची सोय आहे. ते पाठ मैदानावरील कवायत न होतां त्या मुलीच्या नेहमींच्या वाटेवरचे असावे, एवढीच आमची विनंती आहे.

कायद्याचेंही ज्ञान या शिक्षणांत पाहिजे. १८६० च्या दंडसंहितेंतील ९६ ते १०६ हीं कलमें आत्मरक्षणाचीं होतीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तीं ३४ ते ४४ या आंकड्यांखालीं आलीं आहेत. आपल्या व दुसऱ्याच्याही जीविताचें व मालमत्तेचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. पण बचावास अवश्य तेवढेंच बळ वापरावें, आणि सरकारी मदत घेण्यास अवसर असेल तेथें हात उगारूं नये. धोका टळला कीं हक्क संपला. त्यापुढचा प्रत्येक घाव हा गुन्हा होय.

आणि येथेंच आम्हांस जड अंतःकरणानें एक प्रकरण सांगावें लागतें. १३ सप्टेंबर २०२२ रोजीं याच जत तालुक्यांतील लवंगा गांवीं उत्तर प्रदेशांतील चार साधूंस काठ्यांनीं व पट्ट्यांनीं मारहाण झाली. ते विजापुराकडून पंढरपुरास निघाले होते. त्यांनीं एका मुलास वाट विचारली, आणि मुलें पळविणारी टोळी आली असा संशय पसरला. पोलिसांनीं सहा जणांस अटक केली. साधू प्राणांनिशीं वांचले, हें आपलें भाग्य. चार वर्षांपूर्वीं, १ जुलै २०१८ रोजीं, धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें असल्याच अफवेनें पांच भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला होता. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे असून त्यांतील बहुतेक जतेला लागून असलेल्या मंगळवेढें तालुक्यांतले होते. म्हणजे एकदां या बाजूची माणसें परमुलखांत मारलीं गेलीं, आणि दुसऱ्यांदा परमुलखांतील माणसें या बाजूस मार खाऊन गेलीं.

लवंग्याच्या लोकांस आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. आपण मुलांचें रक्षण करीत आहों, अशीच त्यांची समजूत होती, आणि तीच तर भिण्याची गोष्ट आहे. पंढरीची वाट या गांवांस नवी नाहीं. अनोळखी वाटसरू तर मुळींच नवा नाहीं. जुन्या जागल्यानें काय केलें असतें? त्यानें नांव-गांव विचारलें असतें, त्यांस चावडीवर बसविलें असतें, पाटलास कळविलें असतें, आणि मूल खरोखर हरवलें आहे काय हें आधीं पाहिलें असतें. आज चावडीच्या जागीं पोलीस ठाणें आहे आणि निरोप पोंहोंचण्यास एक क्षण पुरतो; पण अफवेसही तितकाच वेळ लागतो. राखणेंतील काठी तेवढी आपल्या हातीं उरली, आणि माग हरवला.

जतेपासून फार दूर नसलेल्या आटपाडीजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानांत, १९३९ सालीं स्वतंत्रपूर नांवाची वसाहत निघाली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांस तेथें भिंतीवांचून व बेड्यांवांचून शेती करीत राहूं दिलें. भवानरावांच्या पाठिंब्यानें आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेनें उभी राहिलेली ही वसाहत पुढें ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामुळें देशभर ठाऊक झाली. ज्या माळरानावर रात्रीच्या वाटसरूस दरवडेखोराची भीति, त्याच माळावर खुनी माणसाच्या हातीं कुदळ देऊन त्याच्यावर विश्वास टाकण्याचें धैर्य कोणी दाखविलें, हें विसरतां कामा नये. तेंही एक प्रकारचें समाजरक्षणच होय.

तात्पर्य, आत्मरक्षणाचें शिक्षण अवश्य द्यावें, तालमी पुन्हां गजबजाव्या, मुलींनीं तर त्यांत आधीं शिरावें. परंतु त्या शिक्षणाचा पहिला पाठ डोळ्यांचा, दुसरा पायांचा, तिसरा कंठाचा व शेजारधर्माचा, आणि चौथा हाताचा असावा. हात कोठें थांबवावा हें त्या चौथ्या पाठाचेंच शेवटचें कलम. राखणदार जो म्हणवितो, त्याच्या गांवावरून जाणारा वाटसरूही त्याच्याच राखणेंत असतो. जत प्रांतानें हा नियम पिढ्यान् पिढ्या पाळला होता. तो त्यानें पुन्हां आठवावा, एवढेंच आमचें मागणें आहे.