श्रमाची उत्पादकता आणि श्रमिकाची जागा

आपल्या देशातला कामगार कमी काम करतो म्हणून देश मागे राहिला, असे म्हणण्याची एक रीतच पडून गेली आहे. शेतमजूर आळशी, गिरणी कामगार संपखोर, सफाई कामगार कामचुकार आणि राखीव जागेवर आलेला कारकून नालायक! ही विशेषणे लावणाऱ्यांच्या हाती एक शास्त्रीय शब्दही आहे : श्रमाची उत्पादकता. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या आईवडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात मजुरी केली. त्यामुळे हा शब्द फळ्यावर लिहिताना तो कुणाविरुद्ध वापरला जातो, हे मला विसरता येत नाही. या शब्दामागचा इतिहास आपण सर्वांनी तपासून घेतला पाहिजे, असे मला वाटते.

मुळात उत्पादकता हा एक साधा भागाकार आहे. एखाद्या क्षेत्रात वर्षभरात जे मूल्य निर्माण झाले, त्याला तिथे राबणाऱ्या माणसांच्या संख्येने भागायचे. वर रुपये, खाली माणसे. यात घाम मोजला जात नाही. माणसाच्या हाती खुरपे होते की यंत्र, हेही उत्तरात दिसत नाही. उत्तर कमी आले की दोष मात्र खालच्या माणसाच्या माथी मारला जातो.

आता देशाचा हिशेब पाहू. १९५१ च्या सुमारास देशातील कामकऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के शेतीवर होते आणि राष्ट्रीय उत्पन्नातील निम्म्याहून किंचित अधिक वाटा शेतीचा होता. म्हणजे शेतीबाहेरचा माणूस शेतीवरच्या माणसाच्या दुपटीहून थोडे अधिक मूल्य निर्माण करीत होता. २०२३-२४ मध्ये सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीवर होते आणि शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास उतरला होता. हाच भागाकार पुन्हा करा. अंतर जवळजवळ चौपट भरते. सात दशकांच्या नियोजनाने आणि बाजारपेठेने मिळून ही दरी बुजवली नाही, ती रुंदावली.

या काळात शेतकरी-शेतमजूर झोपले होते काय? १९५०-५१ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ५ कोटी टन होते. २०२३-२४ मध्ये ते ३३ कोटी टनांवर गेले. हे धान्य कुणाच्या तरी हातांनीच पिकवले आहे. पण त्याच काळात सरासरी शेतजमीन तुटत गेली. १९७०-७१ मध्ये दर खातेदारामागे २.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टर उरली. १९५१ च्या जनगणनेत शेतमजूर पावणेतीन कोटींच्या आसपास होते आणि जमीन कसणारे त्यांच्या अडीच पट. २०११ च्या जनगणनेत शेतमजूर १४ कोटींवर गेले आणि कसणारे १२ कोटींच्या आत राहिले. जमीन तेवढीच, हात वाढलेले, आणि त्यातल्या बहुसंख्य हातांना स्वतःचा तुकडाही नाही. अशा ठिकाणी भागाकाराचे उत्तर लहानच येणार.

हे कोडे बाबासाहेबांनी १९१८ सालीच सोडवले होते. भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर त्यांनी त्या वर्षी इंग्रजीत निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळचे जाणकार शेताचे तुकडे जोडून ते मोठे करण्याचा उपाय सांगत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा धरला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यावर किती भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड आहे त्यावर ठरते, असे त्यांनी दाखवले. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडली आहेत. ती खातात, पण त्यांना उत्पादनात भर घालायला वावच नाही. म्हणून ही माणसे उद्योगधंद्यांकडे वळवली पाहिजेत. त्यातून शेतीचेही भले होईल. आर्थर लुईस यांनी अमर्याद श्रमपुरवठ्याचा सिद्धान्त १९५४ साली मांडला आणि १९७९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सेंट लुशिया बेटावरचे हे कृष्णवर्णीय अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांप्रमाणेच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे विद्यार्थी. लुईस यांच्या ३६ वर्षे आधी जादा श्रमाचा प्रश्न भारतात मांडला गेला होता, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते.

मग माणसे उद्योगांकडे का वळली नाहीत? इथे निव्वळ अर्थशास्त्राचे उत्तर अपुरे पडते. मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण घ्या. गावची येसकरकी सोडून आमचे लोक गिरणीत गेले, पण विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्णांना चालत नव्हता. जास्त मजुरीचे काम त्या खात्यात होते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. एकाच गिरणीच्या छपराखाली कोण किती मूल्य निर्माण करणार, हे जात ठरवीत होती. जातिव्यवस्था काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली वाटून टाकते, हे त्यांनी १९३६ साली मांडलेले सूत्र या अनुभवाशी ताडून वाचले पाहिजे.

पुढे गिरण्यांचेच दिवस फिरले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले असंख्य पुन्हा गिरणीत परतलेच नाहीत. त्याच दशकात देशातील संघटित कारखानदारीचे उत्पादन वेगाने वाढले, कामगारांची संख्या मात्र जागच्या जागी राहिली. भागाकारात खालचा आकडा गोठवला की उत्तर आपोआप फुगते. कागदावर उत्पादकता वाढली. दाराबाहेर राहिलेली माणसे बांधकामावर, हातगाडीवर, धुण्याभांड्यांच्या कामावर गेली, आणि त्या क्षेत्रांची उत्पादकता कमी आहे असे आज आपल्याला सांगितले जाते. २०१८-१९ मध्ये शेतीवरील कामकऱ्यांचे प्रमाण ४२.५ टक्क्यांपर्यंत खाली आले होते. २०२० च्या टाळेबंदीत शहरांनी मजुरांना बाहेर काढले. ते पायी गावी गेले आणि हे प्रमाण पुन्हा ४५ टक्क्यांच्या पुढे चढले. शेतीत काम वाढले म्हणून हे झाले नाही. जाण्यासारखी दुसरी जागाच नव्हती.

सेवाक्षेत्राची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. सुमारे ३० टक्के कामकरी असलेले हे क्षेत्र राष्ट्रीय उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग देते. पण संगणकावरचा अभियंता आणि गटारात उतरणारा माणूस हे दोघेही त्यातच मोडतात. राष्ट्रीय हिशेबाचा एक नियम कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. सरकारी सेवा बाजारात विकल्या जात नाहीत, म्हणून त्यांचे मूल्य त्यांवर झालेल्या खर्चाने, म्हणजे मुख्यतः पगाराने धरले जाते. नगरपालिकेची कायम झाडूवाली बाई जेवढा पगार घेते, तेवढेच तिचे काम मोलाचे. तोच रस्ता ठेकेदाराच्या बाईने निम्म्या मजुरीत झाडला, तर रस्ता तितकाच स्वच्छ होतो आणि त्या कामाची किंमत मात्र हिशेबात घसरते. मजुरी कमी, कारण उत्पादकता कमी. आणि उत्पादकता कमी, कारण मजुरी कमी! या चक्रात जातीचे नाव कुठेही येत नाही. पण झाडू कुणाच्या हाती आहे, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

राखीव जागांमुळे कार्यक्षमता घसरते, हा आक्षेपही आकड्यांवर तपासला गेला आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी १९८० ते २००२ या काळातील भारतीय रेल्वेची आकडेवारी अभ्यासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटली, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. वरिष्ठ पदांच्या बाबतीत तर काही ठिकाणी परिणाम अनुकूल दिसला. हा आक्षेप घेणाऱ्यांनी असा अभ्यास आपल्यापुढे ठेवावा, मग बोलू.

माझे म्हणणे असे की उत्पादकतेचे आकडे फेकून देऊ नयेत. ते आपण शिकून घ्यावेत, कारण उद्या मजुरी ठरवताना तेच आपल्यापुढे टाकले जाणार आहेत. तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. या माणसाच्या हाती किती जमीन, किती यंत्र, किती शिक्षण दिले होते? जास्त मोलाच्या कामाचे दार त्याला उघडे होते काय? आणि त्याच्या कामाची किंमत ठरवली कुणी? २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेत त्यांच्या वहिवाटीखालची जमीन ९ टक्क्यांच्या आसपास होती. जमिनीवरून उठून कारखान्यात जा, हा १९१८ चा उपाय ज्यांच्यासाठी सर्वात निकडीचा होता, त्यांनाच जमीन कमी मिळाली आणि कारखान्याचे दार उशिरा उघडले. विद्यार्थी मित्रांनी आपापल्या तालुक्यात हा हिशेब मांडून पाहावा : कोण कुठल्या कामावर आहे, त्याचा बाप कुठल्या कामावर होता, आणि दोघांच्या मध्ये कोणते दार होते. सरकारी तक्त्यांत हा रकाना नाही. तो आपल्यालाच भरावा लागेल.