खराडीचा सरकता तास

मार्च महिन्याचा दुसरा रविवार उलटला, की सोमवारच्या संध्याकाळी पुण्याच्या खराडीत एक घडामोड होते, आणि तिची नोंद ना पंचांगात असते ना सरकारी राजपत्रात. नगर रस्त्यावरून ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या काचेच्या इमारतींकडे वळणाऱ्या मंडळींपैकी ज्यांचे काम न्यूयॉर्कच्या कचेऱ्यांशी बांधलेले आहे, त्यांची आदल्या शुक्रवारपर्यंत साडेसातला सुरू होणारी शिफ्ट आता साडेसहालाच सुरू होते. त्यांना आणणाऱ्या कॅबवाल्याचे जेवण, त्यांचा डबा भरणाऱ्या बाईचा स्वयंपाक आणि फाटकापाशी चहा उकळणाऱ्याचा स्टोव्ह, ही सारी मंडळी मुकाट्याने एक तास अलीकडे सरकतात. कारण विचारले, तर ‘तिकडे डेलाइट सेव्हिंग सुरू झालं’ एवढेच उत्तर मिळते. ज्या गावाच्या घड्याळाला कोणी हात लावला नाही, त्या गावाची संध्याकाळ सातासमुद्रापलीकडच्या कायद्याने हलावी, हा प्रकार मला इतिहासाच्या दृष्टीने फार मनोरंजक वाटतो.

उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याच्या या प्रथेचे, म्हणजेच उन्हाळी वेळेचे, जनकत्व बेंजामिन फ्रँकलिनकडे देण्याचा प्रघात आहे, पण त्याने 1784 साली पॅरिसच्या वृत्तपत्रात लिहिलेले पत्र हा निव्वळ विनोद होता; पॅरिसकरांनी लवकर उठावे आणि मेणबत्त्या वाचवाव्यात असे तो म्हणतो, काटे फिरवा असे कोठेही म्हणत नाही. खरी सूचना 1895 साली न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने मांडली. या गृहस्थाला कीटक जमविण्याचा छंद होता, आणि दिवसाची नोकरी आटोपल्यावर कीटकांमागे धावण्यापुरता उजेड उरावा, ही त्याची साधी अडचण होती. पुढे 1907 साली विल्यम विलेट या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने, भल्या पहाटे घोड्यावरून रपेट करताना घरोघरीच्या बंद खिडक्या पाहून व्यथित होऊन, एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे घड्याळ पुढे करण्याची योजना छापली. पार्लमेंटने ती मंजूर केली नाही. विलेट 1915 साली वारला, आणि जे त्याच्या युक्तिवादाने साधले नाही ते पुढल्याच वर्षी महायुद्धातील कोळशाच्या टंचाईने साधले: 30 एप्रिल 1916 रोजी जर्मनीने काटे पुढे केले आणि बरोबर तीन आठवड्यांनी, 21 मे रोजी, इंग्लंडने शत्रूचे अनुकरण केले.

हेतू सरळ होता. लंडनमध्ये ऐन उन्हाळ्यात दिवस साडेसोळा तासांचा होतो आणि ऐन हिवाळ्यात आठ तासांहूनही आखूड. तेव्हा जूनमध्ये लोक झोपेत असताना जो उजेड पहाटे चारच्या आधीच फुकट जाऊ लागतो, त्यातला एक तास उचलून संध्याकाळच्या पदरात घालावा, म्हणजे दिवे तासभर उशिरा लागतील, हा हिशेब तेथे समजण्यासारखा आहे. पुण्याच्या अक्षांशावर हाच हिशेब मांडू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण येथील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. सव्वादोन तासांच्या या फरकासाठी आमच्या पूर्वजांनी काही खटाटोप केला नाही याबद्दल त्यांना आळशी ठरविण्याचे कारण नाही. किंबहुना त्यांनी उलट मार्ग पत्करला होता. पाण्याच्या पात्रात सोडलेली सच्छिद्र वाटी भरून बुडाली की चोवीस मिनिटांची एक घटका झाली, अशा साठ घटकांचे त्यांचे अहोरात्र सूर्योदयापासून मोजले जाई, आणि सूर्योदयच मागेपुढे होत असल्यामुळे ते घड्याळ दररोज आपोआप जुळविले जाई. ‘प्रहर दिवस चढता’ किंवा ‘चार घटका दिवस राहता’ असे लिहिणाऱ्या कारकुनास उन्हाळी वेळेची गरजच काय! आजही विदर्भ-मराठवाड्यात ऊन तापू लागले की शाळा सकाळची होते. घड्याळ जागच्या जागी ठेवून काम हलवावे, ही आमची जुनी रीत.

मात्र घड्याळावर अंमल कोणाचा, हा प्रश्न पुणे प्रांतातही रेल्वेबरोबरच आला. आगगाडी पुण्यास 1858 साली पोहोचली, आणि पुढे देशभरच्या गाड्या मद्रासच्या वेळेने धावू लागल्या, तेव्हा पुण्याच्या स्टेशनावरील घड्याळ पुण्याच्या सूर्यापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे पुढे असे. हीच वेळ सरकारी कचेऱ्यांना लागू करण्याचा हुकूम 1881 साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी काढला आणि लोकांच्या विरोधापुढे 1883 साली तो मागे घ्यावा लागला. ज्यांच्या नावाने पुण्यात विख्यात महाविद्यालय उभे राहिले, त्या गव्हर्नरांचा हा पराभव आता कोणाच्या स्मरणात नाही. 1 जानेवारी 1906 रोजी साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची प्रमाणवेळ आली, तेव्हाही मुंबई महानगरपालिकेने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली वेळ जी धरली ती 1955 पर्यंत सोडली नाही. खराडीपुरते बोलायचे, तर येथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा प्रमाणवेळेच्या घड्याळात सरासरीने बारा वाजून चौतीस मिनिटे झालेली असतात. म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक ‘उन्हाळी वेळ’ आम्ही बारमाही भोगतच आहोत. तिला ते नाव नाही, इतकेच.

आणि एकदा खरोखरीची उन्हाळी वेळही येऊन गेली, तीही उन्हाळ्याशी संबंध न ठेवता. दुसऱ्या महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 पासून, हिंदुस्थानची प्रमाणवेळ एक तास पुढे करण्यात आली आणि 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत सलग तीन वर्षांहून अधिक काळ ती तशीच राहिली. त्या काळातील जानेवारीत खराडीच्या शिवारात सूर्य उगवे तेव्हा सरकारी घड्याळात आठ वाजून गेलेले असत. पंचांग पाहणाऱ्या जोश्याला प्रत्येक मुहूर्ताचा तास बदलून सांगावा लागे. मोटेच्या बैलांना मात्र कोणी काही सांगितले नाही, आणि त्यांचे काही अडलेही नाही. खराडीहून पुण्यास जाणाऱ्या याच नगर रस्त्यावर येरवड्याचा आगाखान पॅलेस आहे. काटे पुढे झाले तेव्हा गांधीजी तेथे बंदिवासात होते आणि महादेवभाई देसाई यांना जाऊन जेमतेम पंधरवडा लोटला होता. कमरेला घड्याळ लावून मिनिटामिनिटाचा जमाखर्च ठेवणाऱ्या त्या पुरुषाचा दिवसही ज्या राजवटीने त्याला कोंडले होते तिच्याच फर्मानाने एक तास सरकला.

स्वातंत्र्यानंतर प्रमाणवेळ कायमची बदलली गेली नाही. आसामच्या चहामळ्यांनी तासभर पुढची ‘चायबागान’ वेळ आपल्यापुरती चालविली, प्रमाणवेळ अर्धा तास पुढे न्यावी असा अभ्यासकांचा आग्रह झाला, समित्या बसल्या आणि उठल्या; काटा तेथेच आहे.

आणि तरीही 1997 साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या या गावात वर्षातून दोनदा तास सरकतो. वस्तुतः उन्हाळी वेळेची सारी युक्ती अशी, की कायद्याने काटा फिरवावा, म्हणजे लोकांना आपली दिनचर्या बदलल्याचे जाणवू नये. न्यूयॉर्कचा कारकून बाराही महिने नऊलाच कचेरीत शिरतो. त्याच्या वाट्याची गैरसोय नाहीशी होत नाही, ती खराडीच्या वाट्यास येते, कारण येथे काटा स्थिर आणि माणूस चल. त्यात लंडनची घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे होत असल्यामुळे, मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या ग्राहकांना सांभाळणाऱ्याची जी त्रेधा उडते, ती एखाद्या अधिक मासाच्या घोळापेक्षा कमी नसते.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत तो उसना तास परत केला जातो आणि तेथील लोक एक तास अधिक झोपतात. खराडीत त्या आठवड्यापासून रात्रपाळीची कॅब साडेतीनऐवजी साडेचारला सुटते. तोवर कार्तिक लागलेला असला, तर गावठाणाजवळून जाताना गाडीच्या काचेआडून काकड आरतीचे टाळ ऐकू येतात.