बैलाला भूल का नाही? जनावरांच्या डॉक्टरांना जाब विचारण्याची गोष्ट



गेल्या पावसाळ्यात, चिखलणीच्या ऐन दिवसांत, तळेघरजवळच्या एका वाडीतले बाबा कुशीला हात धरून माझ्याकडे आले. मंचरहून एक्स-रे काढून आणला, दोन बरगड्या मोडलेल्या. बैलाने मारलं होतं. पण बैल मारका नव्हता. त्याचं शिंग मुळाशी हलत होतं, रक्त यायचं. बहुधा शिंगाचा कर्करोग असावा. बैलांमध्ये तो आपल्याकडे दिसतो. मोटरसायकलवर फिरणारा एक ‘डॉक्टर’ आला, चौघांनी दोरांनी बैल पाडला आणि त्याने भूल न देता तारेच्या करवतीने शिंग कापायला घेतलं. बैल उसळला तो थेट बाबांवर.

पट्टी बांधता बांधता बाबांनी विचारलं, “डॉक्टरसाहेब, माणसाला टाके घालताना सुई देऊन बधिर करतात. मग बैलाला का नाय?”

उत्तर सोपं आहे. बैलालाही करतात, करायलाच हवं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून शिंगाच्या मुळाकडे जाणाऱ्या हाडाच्या कडेखाली एक नस असते. तिथे लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात शिंग बधिर होतं. टाके घालताना किंवा दात काढताना तुम्हाला देतात तेच औषध. म्हणजे ज्ञान होतं, औषध होतं. मग चुकलं कुठे? त्यासाठी जरा इतिहासात जावं लागेल.

दंगलीतून पांजरपोळ

आपल्याकडे मुक्या जनावरांसाठी लोक रस्त्यावर उतरल्याची एक जुनी नोंद मुंबईची आहे. 1832 साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवलं होतं. इनामाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. 6 जूनला पारशी समाज चिडून उठला, इतरही त्यात सामील झाले, बाजार बंद पडला. दंगल मोडून काढली गेली, पण राग वाया गेला नाही. 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं.

पुढे 1874 मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली आणि 1886 मध्ये परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. 1890 मध्ये देशभरासाठी क्रूरताविरोधी कायदा आला. तो अपुरा आहे म्हणून पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक मांडलं. पंडित नेहरूंनी सरकारच कायदा करील असं आश्वासन दिलं आणि 1960 चा कायदा झाला. तोच आजही लागू आहे.

कायद्याला चाबूक दिसला, करवत नाही

या कायद्यात दोन उणिवा आहेत. पहिली दंडाची. पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये! 1960 मध्ये ती रक्कम बोचत असेल, आज तेवढ्यात दोन वडापावसुद्धा मुश्किलीने येतात. दुसरी उणीव जास्त महत्त्वाची. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टांगेवाला होता, गाडीवान होता. शिंगं काढणं, खच्ची करणं या गोष्टी ‘विहित पद्धतीने’ केल्या तर त्या क्रूरता ठरत नाहीत. पण गोठ्यात पद्धत पाळली की नाही हे बघणार कोण? मालक मारतो तेव्हा शेजारी ओरडतो. डॉक्टर दुखवतो तेव्हा सगळे म्हणतात, ‘उपचार चाललाय.’

माणसांच्या बाबतीतही हेच होतं. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाची मांडी मोडली. त्याला पुण्याला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी पूर्ण भूल न देता, फक्त मॉर्फियाच्या इंजेक्शनवर, माणसं लावून जोराने पाय ओढला. त्याच रात्री मुलगा गेला. वडील स्वतः दौंडचे डॉक्टर. ते न्यायालयात गेले. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने कायम केला. भरपाई अवघी 3,000 रुपये. पण ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा खटला आजही दाखला म्हणून सांगितला जातो. डॉक्टरने रुग्ण हाती घेताना, उपचार ठरवताना आणि उपचार करताना वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे त्यात स्पष्ट झालं.

पंधरा वर्षं एक बाप लढला म्हणून ते झालं. बैलाचा बाप कोण?

डॉक्टर कोण, हे ठरायलाच वेळ लागला

जाब विचारायचा तर आधी डॉक्टर कोण हे ठरायला हवं. महाराष्ट्राने 1971 मध्ये पशुवैद्यकांच्या नोंदणीचा कायदा केला, 1984 मध्ये केंद्राचा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आला. 1992 मध्ये पशुवैद्यकांसाठी आचारसंहिता निघाली. तिचा भंग केला तर परिषद कारवाई करू शकते. पदविकाधारकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2007 मध्ये निकाल लागला: पूर्ण व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरांचा, इतरांना फक्त किरकोळ सेवा, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. शिंग कापणं ही किरकोळ सेवा नव्हे, हे सांगायला मी वकील असायची गरज नाही.

आपल्या जुन्नर-आंबेगावात तर पशुवैद्यकाच्या सहीला आणखी वजन आलंय. बैलगाडा शर्यती 2014 मध्ये बंद झाल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह सुरू झाल्या आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या अटींपैकी एक म्हणजे पशुवैद्यकाने बैल तपासून दिलेला तंदुरुस्तीचा दाखला. न बघता दिलेला दाखला काय करतो हे माझ्यासारख्या रोज दाखले देणाऱ्याला चांगलं ठाऊक आहे. ती सही खोटी असली तर घाटावर पडतो तो बैल, सही करणारा नाही.

व्हिडिओ आणि कागद

फेब्रुवारी 2024 मध्ये ठाण्यातल्या एका प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये चाऊ-चाऊ जातीच्या कुत्र्याला कर्मचारी मारतोय असा व्हिडिओ पसरला. मारणारा डॉक्टर नव्हता, कुत्र्याची निगा राखणारा कर्मचारी होता. लोक संतापले, गुन्हा नोंदला गेला, अटक झाली. 1832 च्या मुंबईतला राग तो हाच, आता मोबाइलमधून आलेला. पण आपल्या गोठ्यात कॅमेरा नसतो. आणि रागाच्या भरात कुणी डॉक्टरच्या अंगावर धावून गेलं तर विषय जनावराचा न राहता मारहाणीचा होतो. टिकतो तो कागद. म्हणून एवढं करा:

- उपचाराआधी नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर रागावत नाही.
- कापाकापी असेल तर “बधिर करणार का?” हे विचाराच.
- दिलेल्या औषधाचं नाव आणि दूध किती दिवस वापरायचं नाही, हे लिहून घ्या. ते दूध तुमचीच नातवंडं पितात.
- जनावर दगावलं तर शवविच्छेदन करून अहवाल मागा.
- डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे, क्रूरतेची पोलिसांकडे. पैसे देऊन सेवा घेतली असेल तर भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “तक्रार केली तर परत कोण येईल गुरं बघायला?” यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. कारण मला माझी सुरुवातीची वर्षं आठवली. एका आजींचं गळू मी पुरेसं बधिर न करता फोडलं होतं. रांग मोठी होती, आणि आजी म्हणाल्या होत्या, “आम्हाला सवय हाय.” त्यांनी तक्रार केली नाही. करायला हवी होती.

एकट्या माणसाला भीती वाटते, हे खरंच आहे. पण आपली गावं पेसा क्षेत्रातली आहेत. ग्रामसभेत ठराव होऊ शकतो: आमच्या गावात नोंदणीकृत पशुवैद्यकच उपचार करील, आणि तो आठवड्यातून ठरल्या दिवशी यावा. ठराव गावाचा असतो, एका बाबांचा नसतो. चांगल्या पशुवैद्यकांनाही तो हवाच असतो. भोंदूंमुळे त्यांचंही नाव खराब होतं.

बाबांच्या बरगड्या सहा आठवड्यांत जुळल्या. बैलाचं उरलेलं शिंग नंतर सरकारी पशुवैद्यकाने काढलं, आधी सुई देऊन. बाबा सांगत होते, “या वेळी हललासुद्धा नाय.”