प्लेगचा कायदा आणि घराचा उंबरठा

मंडळी, घरात कुणी आजारी पडले, तर त्याला कुठे ठेवायचे, कोणते औषध द्यायचे, हे घरच्यांनी ठरवायचे. त्यात सरकारचा काय संबंध, असे आपण सहज म्हणतो. पण रोग उंबरठा ओलांडून शेजारी शिरला, म्हणजे काय करायचे? हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या पुढे फार कडक रूपात उभा राहिला होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. प्रवासी तपासावेत, रोग्यांना वेगळे ठेवावे, असे मोठे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात रँडसाहेब नेमले गेले आणि घरझडतीसाठी गोरे सोल्जर आले. बूट घालून ते देवघरात शिरत, सामान रस्त्यावर टाकीत, बायाबापड्यांची लाजलज्जा राखीत नसत. लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती याच संतापातून.

आता गंमत पाहा. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली दाखविले. म्हणजे झडतीचा पुष्कळसा खटाटोप रोग रेड्याला नि औषध पखालीला, असाच झाला. उलट उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, ही खेड्यातली रीत उपयोगी होती. कारण उंदीर मागे राहत.

मग सरकारी बंधने नकोतच का? तसे नव्हे. हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. या दोघांनी कुणावर जुलूम केला नाही. आधी स्वतःचा जीव पुढे केला.

२०२० साली करोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा पुन्हा उपयोगात आला. तेव्हा गुरुजन हो, मुलांना रँडचा खून शिकवाल, तेव्हा एवढेही विचारा : शेजाऱ्याच्या जिवासाठी दार उघडणे हे आपले कर्तव्य खरे, पण दार ठोठावणाऱ्याने बूट बाहेर काढावेत, की नाही?