पातोळीचा चिकटपणा : तांदूळ, पाणी आणि वाफ

तांदळाच्या वाफवलेल्या गोड पदार्थांत चिकटपणा हाच मुख्य गुण. तो नसेल तर पारी चिरते, सारण बाहेर येते. हा गुण येतो कुठून, याचा विचार केला म्हणजे परगावीही पातोळी बिघडत नाही.

१. कारण. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात : सरळ साखळीचा अमायलोज आणि फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. अमायलोज जितका कमी, तितका भात चिकट. फिलिपिन्समधल्या ‘मालागकित’ तांदळात तो जवळजवळ नसतोच. म्हणून तिथल्या ‘सुमन’ या वाफवलेल्या गोड पदार्थासाठी तांदूळ दळावा लागत नाही. अख्खे दाणे भिजवून, नारळाच्या दुधात अर्धवट शिजवून केळीच्या पानात गुंडाळतात आणि उकडतात. दाणे आपोआप एकजीव होतात.

२. आपला मार्ग. आपल्या रोजच्या तांदळात अमायलोज बराच असतो, तेव्हा चिकटपणा घडवावा लागतो. त्याच्या दोन रीती आहेत. मोदकात उकळत्या पाण्यात पीठ घालून आधीच उकड काढतात आणि गरम असतानाच मळतात. तांदळात ग्लूटेन नाही, त्यामुळे कणकेसारखी ताण धरणारी जाळी इथे बनत नाही. फुगलेला स्टार्चच पीठ बांधून ठेवतो. पातोळीत कच्चे पीठ पाण्यात कालवून हळदीच्या पानावर बोटांनी पातळ सारवतात, वर गूळ-खोबऱ्याचे चून पसरतात, पान मधल्या शिरेवर दुमडतात आणि वाफवतात. इथे स्टार्च पानातच फुगतो. थर तयार होईपर्यंत आकार पान सांभाळते, सुगंधही तेच देते.

३. परिणाम. निवल्यावर अमायलोजच्या साखळ्या पुन्हा जवळ येतात, म्हणून पातोळी कडक होते. फ्रिजमध्ये तर लवकरच. सुमन त्या मानाने अधिक वेळ मऊ राहते. नागपंचमीची पातोळी त्याच दिवशी खावी, उरलीच तर पुन्हा वाफ द्यावी.

४. विनियोग. परगावी, उदाहरणार्थ भोपाळच्या अयोध्या नगरात, पातोळ्या करायच्या तर पहिला प्रश्न तांदळाचा. आंबेमोहोर मिळाला नाही तर लांब, मोकळ्या होणाऱ्या तांदळाकडे वळू नये. मध्य प्रदेशातच बालाघाटचा ‘चिन्नोर’ पिकतो. त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो सुवासिक आहे आणि मऊ शिजतो. पानांसाठी उन्हाळ्याच्या अखेरीस कुंडीत ओली हळद लावावी, श्रावणापर्यंत पाने हाताशी येतात. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून बारीक दळावा. पीठ रवाळ राहिले तर कण पुरते फुगत नाहीत आणि थर चिरतो.

५. परीक्षा. कोणताही नवा तांदूळ घेताना आधी मूठभर शिजवावा, पूर्ण निवू द्यावा आणि दाणा बोटांत दाबावा. थंड असतानाही मऊ लागला तर पातोळीला योग्य. टणक झाला तर तो पुलावासाठी ठेवावा. आजी-आईच्या हातचा अंदाज सोबत नसेल, तिथेही ही परीक्षा घरच्या घरी होते. तांदूळ नावावरून निवडण्यापेक्षा असा पारखून घेतला, तर कोकण-गोव्याची ही पातोळी भोपाळच्या स्वयंपाकघरातही तितकीच मऊ उतरेल.