चुनखडीचा हिशेब

मंचरच्या परिसरांत, घोड नदीच्या खोऱ्यांत, काळ्या मातीखालीं पांढरट चुनखडीचे खडे सांपडतात. ह्या काळ्या कातळाच्या मुलखांत पूर्वी असेच खडे भट्टींत भाजून चुना करीत व तो घाण्यांत मळून बांधकामास वापरीत. पाण्यांत न विरघळणारा म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ जमिनींत ठिकठिकाणीं गोळा झाला कसा? ह्याचें उत्तर एका गुणाकारांत आहे, आणि तो गुणाकार हातीं येण्यास पंचवीस वर्षें लागलीं.

1864 सालीं नॉर्वेतील गुल्डबर्ग व वागे यांनीं रासायनिक क्रियेचा जोर पदार्थांच्या प्रमाणावर अवलंबून असतो, असें दाखविलें. 1887 सालीं स्वीडनच्या आर्हेनियसनें क्षार पाण्यांत विद्युत्भारित आयनांत विभागतात, हा सिद्धांत मांडला. ह्या दोहोंचा मेळ 1889 सालीं जर्मनीच्या नेर्न्स्टनें घातला: अल्पविद्राव्य क्षाराच्या संपृक्त द्रावणांत दोन्ही आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार ठराविक उष्णतामानास कायम राहतो. तो मर्यादेबाहेर गेला कीं क्षार साका होऊन तळीं बसतो.

उदाहरणार्थ, 25 अंश सेंटिग्रेडला एक लिटर पाण्यांत सिल्व्हर क्लोराइड सुमारें 1.9 मिलिग्रॅम विरघळतें. त्याच्या 143.3 ह्या रेणुभारानें भागितां प्रत्येक आयनाचें प्रमाण लिटरला 1.33 × 10⁻⁵ ग्रॅमरेणू येतें. दोन्ही प्रमाणें सारखीं, म्हणून त्याचा वर्ग करावा: 1.8 × 10⁻¹⁰. हाच विद्राव्यता-गुणाकार.

चुनखडीस मात्र हा साधा वर्ग पुरत नाहीं. तिच्यांतील कार्बोनेट पाण्याशीं व त्यांत मुरलेल्या कार्बन डायॉक्साइडशीं संयोग पावून बायकार्बोनेट होतें. त्याचाही जमाखर्च मांडावा लागतो. पावसाचें पाणी मातींतील हा वायु घेऊन चुना विरघळवितें. उन्हाळ्यांत पाणी आटतें, वायु निघून जातो, कार्बोनेट वाढतें, गुणाकार मर्यादा ओलांडतो आणि खडा धरूं लागतो.

जड पाणी तापविणाऱ्या बंबांतही हेंच घडून पांढरा थर बसतो. लिंबाच्या रसानें तो सुटतो, कारण आम्ल कार्बोनेट हिरावून घेतें व गुणाकार पुन्हां मर्यादेखालीं येतो. ‘न विरघळणारा’ ही पदार्थावरील कायमची मोहोर नव्हे. शेतांतील खडा काय किंवा बंबांतील थर काय, पाण्याची स्थिति पालटली कीं तो धरतो, तशीच ती पालटली कीं विरघळूं लागतो.